तलावातल्या वनस्पतींसोबत फिशटँकमध्ये आलेले जीव: कोणता ठेवायचा, कोणता काढायचा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या गावांत फिशटँकसाठी वनस्पती विकत आणायची फारशी गरज पडत नाही. मालगुजारी तलावांत आणि बोड्यांत (लहान तळ्यांत) हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिसनेरिया मुठीमुठीने मिळतात, आणि त्या इथल्या उन्हाळ्याला सरावलेल्या असतात. पण तलावातली एक मूठ आणली की तिच्यासोबत बरंच काही येतं. पेरांना गोगलगायींची अंडी चिकटलेली असतात, पानांआड चतुराची अळी दबा धरून बसलेली असते, मुळाच्या चिखलात जळू असते. तीच मूठ थेट टाकीत सोडली की चार-आठ दिवसांनी काचेवर काहीतरी सरकताना दिसतं. मग नवखा माणूस घाबरून हाताला लागेल ते औषध ओततो, नाहीतर सगळी टाकी उपसून, फिल्टरसकट घासून धुतो. औषधाने मासे मरतात. फिल्टर धुतल्याने त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू जातात आणि मासे आठवड्याभराने मरतात. आलेला जीव मात्र बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो.

म्हणून जीव शक्यतो टाकीबाहेरच अडवायचा, तरीही आत शिरला तर आधी ओळखायचा आणि मग उपाय ठरवायचा. या लेखात त्याच क्रमाने जाऊ.

तलावावर

वनस्पती आणायचा चांगला काळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. पाणी निवळलेलं असतं, शिंगाड्याची तोडणी आटोपत आलेली असते आणि थंडीमुळे किडे, अळ्या मंदावलेल्या असतात. पावसाळ्यात आणू नका. त्या वेळी गढूळ पाण्यात काही दिसत नाही आणि धानाच्या, कपाशीच्या शेतांतलं फवारणीचं पाणी वाहून तलावात आलेलं असतं. कपाशीच्या वावराला लागून असलेल्या नाल्यातली किंवा डबक्यातली वनस्पती तर कोणत्याच महिन्यात नको. कीटकनाशकाचा जो अंश माशाला काही करत नाही, तोच टाकीतल्या झिंग्यांना एका रात्रीत मारतो.

बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. काठावरच्या ढीवर बांधवांना विचारूनच पाण्यात उतरा. कोणत्या भागात पाणी स्वच्छ आहे, कुठे जळवा जास्त आहेत, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

मुळासकट उपटू नका, वरचे कोवळे शेंडे वीतभर तोडून घ्या. अर्धे जीव मुळाच्या चिखलातच राहत असल्याने ते तिथेच राहतील. हायड्रिला आणि सेराटोफायलम तुकड्यावरूनच वाढतात. व्हॅलिसनेरियाचं रोप मात्र मुळासकटच घ्यावं लागतं, म्हणून तिची मुळं तलावातच चांगली खळबळून काढा. प्रत्येक मूठ पाण्यात दहा-बारा वेळा जोरात हलवली की बेडकाची पिल्लं, पाणकिडे, लहान झिंगे तिथल्या तिथे सुटतात. तलावाचं पाणी घरी आणायचं नाही. वनस्पती ओल्या गोणपाटात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घाला, चार-पाच तास सहज टिकते.

तीन आठवडे वेगळ्या टबात

फक्त एकच काम करायचं असेल तर हे करा, बाकी सगळं त्यानंतर. वीस-पंचवीस लिटरचा पांढरा किंवा फिक्या रंगाचा प्लास्टिक टब घ्या. पांढरा अशासाठी की तळाशी काय फिरतंय ते दिसतं. घरात फवारणीसाठी वापरलेली बकेट, मग किंवा गाळणी असेल तर ती कितीही धुतली तरी या कामाला घेऊ नका. टब, जाळी, चिमटा, पाइप हे सगळं फक्त टाकीपुरतं वेगळं ठेवा.

टबात चोवीस तास उघडं ठेवलेलं पाणी भरा, वनस्पती सोडा आणि टब उजेडात पण थेट उन्हात येणार नाही असा ठेवा. मासे घालायचे नाहीत. टब माशांविना ठेवण्यामागे कारण आहे. माशांची ऊ म्हणजे आर्ग्युलस आणि अँकर वर्म हे दोन परजीवी माशावरच जगतात. अंड्यातून निघालेल्या त्यांच्या पिल्लांना काही दिवसांत मासा सापडला नाही तर ती उपाशी मरतात. गोगलगायींची अंडी २५ ते ३० अंश तापमानाला एक ते दोन आठवड्यांत फुटतात, म्हणजे तीन आठवड्यांत दिसण्याइतकी पिल्लं तयार होतात आणि ती वेचता येतात.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. आपण आणतो हिवाळ्यात, आणि डिसेंबर-जानेवारीत पडवीत ठेवलेल्या टबाचं पाणी रात्री १५ अंशांच्याही खाली जातं. त्या गारठ्यात अंडी फुटायला दुप्पट वेळ लागतो. तेव्हा टब घरात ठेवून पाणी २५ अंशांच्या आसपास राखा, नाहीतर तीनऐवजी सहा आठवडे धरा. तिसऱ्या आठवड्यात टब स्वच्छ दिसला म्हणून वनस्पती टाकीत सोडली आणि मार्चच्या उन्हात गोगलगायींचा सडा पडला, तर त्यामागे हेच कारण असतं.

दुसरी गोष्ट डासांची. मासे नसलेलं उघडं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. टबावर मच्छरदाणीचं कापड ताणून दोरीने घट्ट बांधा. कुलरची टाकी आठवड्याला कोरडी करायला सांगतात ना, तसाच या टबाचाही आठवड्याला हिशेब ठेवा.

दर चार-पाच दिवसांनी पाणी बदला. बदलताना वनस्पती पांढऱ्या परातीत झटकून बघा आणि दिसेल ते चिमट्याने उचला. रात्री नऊनंतर टॉर्च लावून टब बघितला तर दिवसा न दिसणारे निम्मे जीव बाहेर आलेले दिसतात. साधं दहापट भिंग हाताशी असलं तर पुढची ओळख फार सोपी होते.

टबात टाकण्याआधी बुचकळणी

बुचकळणीने वेळ वाचतो. तीन आठवड्यांऐवजी मात्र ती चालत नाही, कारण कोणत्याही द्रावणातून काही अंडी सुटतातच.

तुरटी सर्वांत सोपी आणि गावात कुठेही मिळणारी. एका लिटर पाण्यात चार-पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा भरून, बारीक केलेली तुरटी पूर्ण विरघळवा आणि वनस्पती दोन-तीन तास बुडवून ठेवा. गोगलगायी आणि बरेचसे मऊ अंगाचे जीव मरतात. नंतर तीन वेळा साध्या पाण्यातून काढा. तुरटीमुळे पाणी आम्ल होतं, त्यामुळे ते पाणी टाकीत गेलं नाही पाहिजे.

पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकायची लाल दवा, परजीवी आणि बुरशी यांवर चांगली आहे, गोगलगायीच्या अंड्यांवर तिचा भरवसा नाही. इथे चूक होते ती मापाची. दोन खडे टाकून रंग आला की झालं, असं करू नका. एक ग्रॅम दवा एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरा. त्या बाटलीतले १०० मिलिलिटर दहा लिटरच्या बकेटीत घातले की लिटरला १० मिलिग्रॅम होतात. त्यात वनस्पती दहा ते पंधरा मिनिटं ठेवा. पाणी गुलाबी-जांभळं असेपर्यंत दवा काम करते. तपकिरी झालं म्हणजे चिखलाने तिची ताकद खाल्ली, तेव्हा नवीन पाणी करा. म्हणूनच वनस्पती आधी धुवायची असते. डोळ्यांना आणि कपड्यांना जपा. हाताचा डाग चार दिवस राहतो.

तिसरा उपाय साध्या सोड्याचा. पानठेल्यावर मिळणारा, साखर आणि मसाला नसलेला सोडा एका झाकणाच्या डब्यात घ्या, वनस्पती पूर्ण बुडवा, झाकण लावून अंधारात रात्रभर, दहा-बारा तास ठेवा. सोड्यात ऑक्सिजन जवळपास नसतो आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. जीव गुदमरतात, वनस्पती मात्र तग धरते. एका शेंड्यावर आधी करून बघा. सगळ्या जातींना तो सारखा मानवत नाही.

ब्लीचचं पाणी शहरातल्या दुकानांतल्या जाड पानांच्या वनस्पतींना चालतं. आपल्या हायड्रिला, सेराटोफायलम आणि व्हॅलिसनेरियाची पानं त्यात वितळतात. नको.

आता टाकीतच दिसलं, तर कोण आहे ते?

पहिला प्रश्न हा: ते कसं चालतं? रंग फसवतो, आकार वाढत जातो, पण चाल बदलत नाही.

काचेवर सपाट, पांढरट-करडं, सात-आठ मिलिमीटरचं काहीतरी गोगलगायीसारखं संथ घसरतंय, डोकं त्रिकोणी आणि त्यावर दोन काळे ठिपके आहेत, तर ती प्लॅनेरिया. मोठ्या माशांना तिचा त्रास नाही, पण ती झिंग्यांची पिल्लं आणि माशांची अंडी खाते. तिला बोटाने चिरडू नका. तुकडे झाले तर प्रत्येक तुकड्याची नवी प्लॅनेरिया होऊ शकते.

बारीक पांढऱ्या दोऱ्यासारखं, पाण्यात नागमोडी वळवळणारं काही दिसलं, तर तो गाळातला कृमी. वाळूत कायमच असतो. तो बाहेर येऊन काचेवर दिसायला लागला याचा अर्थ तळात उरलेलं अन्न कुजतंय. औषध नको. दाणा निम्म्यावर आणा, वाळूत पाइप घालून गाळ ओढा, दोन आठवड्यांत तो परत वाळूत जातो. प्लॅनेरिया आणि हा कृमी यांत गल्लत करून कित्येक टाक्यांत विनाकारण औषध पडलं आहे.

पुढचं टोक चिकटवून, मागचं ओढून, वीत टाकल्यासारखं चालत असेल आणि दोन्ही टोकांना चोषक असतील, तर जळू. तलावातल्या सगळ्याच जळवा रक्त पिणाऱ्या नसतात. काही जाती फक्त गोगलगायी आणि गाळातले कृमी खातात. पण भिंगाखाली हा फरक नवख्याला कळणार नाही, म्हणून सगळ्या काढा. हाताने नाही, चिमट्याने. गुरांच्या अंगाला लागणारी मोठी जळू टाकीत क्वचितच येते, आणि आली तर लगेच दिसते.

झाडाला किंवा काचेला एका टोकाने चिकटलेली, अर्धा ते दीड सेंटिमीटरची, वरून पाच-सात बारीक धागे पसरलेली हिरवट किंवा तपकिरी काडी म्हणजे हायड्रा. हात लावला की आकसून गोळी होते. धाग्यांतल्या डंखाने ती डॅफ्नियासारखे पाण्यातले बारीक जीव आणि नुकती जन्मलेली पिल्लं पकडते, मोठ्या गप्पीला काही करत नाही. पिल्लांच्या टाकीत असेल तर काढायलाच हवी. माशांच्या नेहमीच्या टाकीत चार-दोन हायड्रा असल्या तर दाणा कमी करून बघा. पिल्लांना ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) खाऊ घालणाऱ्या टाक्यांत ती फोफावते, कारण तिचंही तेच खाणं. थ्री-स्पॉट गुरामी हायड्रा खाते, पण तीच गुरामी पिल्लंही खाते, हे ध्यानात ठेवा.

सहा पाय, मोठे डोळे, फुगीर पोट आणि चिखलाचा रंग असेल तर ती चतुराची अळी, आणि ती राहू द्यायची नाही. तिचा खालचा ओठ दुमडलेला असतो आणि तो क्षणात पुढे फेकून ती शिकार पकडते. मागून पाण्याचा फवारा सोडून झेप घेते. गप्पीची पिल्लं दिवसाला दोन-चार कमी होत असतील आणि मेलेलं काहीच सापडत नसेल, तर हिचाच संशय घ्या. शेपटीच्या टोकाला तीन पानांसारखे कल्ले असलेली सडपातळ अळी टाचणीची, म्हणजे चतुराच्या नाजूक भावकीतली. ती लहान, पण तीही झिंग्यांची पिल्लं खाते. दोघी दिवसा गाळात किंवा मुळांत असतात. रात्री दिवा बंद करून तासाभराने टॉर्च लावा आणि लांब चिमट्याने उचला. एक सापडली म्हणून थांबू नका, सलग चार रात्री बघा.

मागे श्वासाची लांब नळी असलेला पाणविंचू आणि पाठीवर अंड्यांचा थर घेऊन फिरणारा चपटा पाणढेकूण (अंडी वाहणारा तो नर असतो) जाळीनेच काढा. त्यांचा चावा चांगलाच झोंबतो. हे उडतात, त्यामुळे वनस्पती स्वच्छ असली तरी पावसाळ्यात रात्रीच्या दिव्याला येऊन झाकण नसलेल्या टाकीत पडतात. टाकीला झाकण हवं, त्याचं हे एक कारण.

झिंग्यांत एक खूण लक्षात ठेवा. पुढच्या पायांना अंगापेक्षा लांब, बारीक चिमटे दिसले तर तो मॅक्रोब्रॅकियम. तो रात्री झोपलेले मासे पकडतो. वेगळ्या टाकीत ठेवा. चिमटे दिसतही नाहीत इतके लहान असतील, अंग पारदर्शक आणि लांबी दोन-तीन सेंटिमीटर असेल, तर तो शेवाळ खाणारा झिंगा आहे. दुकानात पैसे मोजून घेतात तो हाच, जपा त्याला.

टिचभर काळपट मासा चुकून आला असेल तर गुपचूप वाढवू नका. मरळीचं पिल्लू सुरुवातीला गोड दिसतं, चार महिन्यांत टाकीत तेच एकटं उरतं. मिशा असलेली शिंगी असेल तर हात घालूच नका. तिच्या छातीच्या काट्यात विष असतं. टोचलं तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि दवाखान्यात जा.

आणि जे राहू द्यावेत असे: पाण्यात उड्या मारत पोहणारे ठिपके म्हणजे डॅफ्निया आणि सायक्लॉप्स, तळाशी पळणारे तिळाएवढे शिंपले म्हणजे ऑस्ट्राकॉड, लाल वळवळणाऱ्या अळ्या म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्या. हे सगळं माशांचं उत्तम खाद्य आहे. दोन-चार दिवसांत मासेच त्यांचा फडशा पाडतात. सायक्लॉप्सचं नाव ऐकून घरातली म्हातारी माणसं नारूची, म्हणजे कातडीतून लांब कृमी बाहेर येणाऱ्या रोगाची आठवण काढतील, आणि ते बरोबरच आहे, नारू सायक्लॉप्समधूनच पसरायचा. पण भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. टाकीतल्या सायक्लॉप्सची भीती बाळगायचं कारण नाही.

गोगलगायी: कोणती ठेवायची ते शंख सांगतो

सगळ्यात जास्त प्रश्न यांचेच असतात, म्हणून जरा सविस्तर. शंखाचं टोक वर आणि तोंड तुमच्याकडे करून धरा. तोंड उजवीकडे आलं, शंख पातळ आणि टोकदार असेल तर ती लिम्निया. तोंड डावीकडे आलं तर फायसा. लिम्निया मऊ पानं कुरतडते, फायसा बहुतेक शेवाळ आणि सडलेली पानं खाते. चकलीसारखा एका पातळीत गुंडाळलेला शंख इंडोप्लॅनॉर्बिसचा. हिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून चिरडली तर लाल येतं. लांब, निमुळती, स्क्रूसारखी असेल तर ती मेलॅनॉइडिस. ती वाळूत राहते, अंडी न घालता थेट पिल्लं देते आणि एकटीच असली तरी वाढते. वाळू उकरून मोकळी ठेवते, म्हणून बरेच जाणते लोक तिला मुद्दाम ठेवतात. सुपारीएवढी किंवा त्याहून मोठी गोल पायला पानंच्या पानं फस्त करते, आणि ती अंडी पाण्याबाहेर ओल्या मातीत घालत असल्याने टाकीत सहसा वाढत नाही.

लिम्निया आणि इंडोप्लॅनॉर्बिस घरात ठेवू नका. कारण पानांपेक्षा मोठं आहे. लिम्निया गुरांच्या यकृतातल्या पर्णकृमीची वाहक आहे आणि इंडोप्लॅनॉर्बिस गुरांच्या रक्तातल्या कृमींची. गोगलगायीच्या अंगातून निघणाऱ्या या रक्तातल्या कृमींच्या सूक्ष्म अळ्या माणसाच्या कातडीत घुसायचा प्रयत्न करतात आणि तिथेच मरतात. रोवणीच्या दिवसांत बांधीत उभं राहिलेल्यांच्या पायांना जी खाज सुटते, तिच्या कारणांपैकी हे एक आहे. गोगलगायी नसलेल्या पाण्यात त्या अळ्या दोन दिवसांच्या आसपासच जगतात, म्हणून टबातली पहिली दोन पाणी बदलताना हात कोरडे ठेवा, लागलंच तर लगेच टॉवेलने घासून पुसा. आणि तलावातल्या गोगलगायी असलेल्या टबाचं पाणी गुरांच्या हौदात कधीही ओतू नका.

कमी करायचा मार्ग सोपा आहे. संध्याकाळी दिवा बंद करताना दुधीची किंवा काकडीची जाड चकती काट्याला टोचून तळाशी ठेवा. सकाळी उजाडायच्या आत तिच्यावर बसलेल्या गोगलगायींसह उचला. रोज एकदा, दहा-बारा दिवस. पानांखाली जेलीसारखी पारदर्शक पुंजकी दिसली तर पानासकट काढा. पण चकतीपेक्षाही दाणा महत्त्वाचा. मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढाच टाकला तर गोगलगायींची संख्या आपोआप आटोक्यात राहते. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं, त्यामुळे शंख चांगले वाढतात. म्हणून इथे दाण्यावरच लक्ष ठेवावं लागतं.

प्लॅनेरिया आणि जळवांचा सापळा

लहान प्लास्टिकची बाटली घ्या, झाकणाजवळ तापलेल्या सुईने दोन-तीन मिलिमीटरची सहा-सात छिद्रं पाडा. आत कोंबडीच्या कच्च्या मांसाचा बोराएवढा तुकडा टाकून बाटली पाण्याने भरा आणि आडवी तळाशी ठेवा. दिवा बंद केल्यावर दोन तासांनी बाटली सावकाश उचला आणि आतलं पाणी उकळत्या पाण्याच्या गंजात (पातेल्यात) ओता. रात्रभर ठेवू नका, मांस सडून पाणी खराब होतं आणि खाऊन झाल्यावर त्या परत बाहेर निघून जातात. चार-पाच रात्री सलग करा.

एवढ्यानेही प्लॅनेरिया किंवा हायड्रा हटत नसेल आणि टाकीत झिंग्यांची पिल्लं असतील, तरच औषध. ते औषध घराघरात असतं: शेळ्यांना जंतासाठी देतात ती फेनबेंडाझोलची १५० मिलिग्रॅमची गोळी. पाकिटावर फक्त फेनबेंडाझोल लिहिलेलं असावं. आयव्हरमेक्टिन किंवा दुसरं काही मिसळलेली गोळी चालणार नाही, आयव्हरमेक्टिन माशांना आणि झिंग्यांना विष आहे.

मात्रा लिटरला अर्धा मिलिग्रॅम. ६० लिटरच्या टाकीला ३० मिलिग्रॅम, म्हणजे गोळीचा पाचवा भाग. टाकी ६० लिटरची म्हणून विकली तरी वाळू, दगड वजा जाता पाणी ५० लिटरच असतं, त्यामुळे लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकाराला १,००० ने भागा, मग वाळूसाठी दहावा भाग वजा करा. गोळी कुटून कोमट पाण्याच्या बाटलीत दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. ती नीट विरघळत नाही, पांढरट गढूळ होते, तशीच टाकीभर पसरवून ओता. फिल्टरमधला कोळसा आधी काढा. ४८ तासांनी निम्मी मात्रा परत द्या. त्यानंतर तिसऱ्या दिवशी निम्मं पाणी बदला, मेलेले पांढरे लोळ पाइपने ओढा आणि कोळसा परत लावा.

या औषधाने बऱ्याच जातींच्या गोगलगायी मरतात, आणि वाळूत त्याचा अंश काही महिने राहतो. मेलॅनॉइडिस किंवा पायला हवी असेल तर आधी बाहेर काढा आणि लवकर परत सोडू नका.

एप्रिल-मेमध्ये शक्यतो औषध टाळाच. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशांना जेमतेम ७. बाहेर ४५ अंश आणि खोलीत कुलर नसेल तर टाकीचं पाणी सहज ३३-३४ वर जातं. त्यात शेकडो प्लॅनेरिया एकदम मरून कुजल्या आणि नेमकी लाइन गेली, तर पहाटेपर्यंत मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ नसेल तर हे काम दिवाळीनंतर करा. तोवर सापळा पुरतो.

टाकीत न घालायच्या गोष्टी

मोरचूद. शेतात फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी घरात असतं आणि गोगलगायी मारतं हे खरं आहे, पण मारायची मात्रा आणि माशांना घातक मात्रा यांत फार कमी अंतर असतं. झिंगे तर पहिल्याच दिवशी जातात आणि तांबं वाळूत धरून राहतं, त्या टाकीत पुन्हा झिंगे ठेवणं कठीण होतं.

शेतातलं कोणतंही कीटकनाशक, कितीही पातळ करून, नको.

तंबाखू आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण). सुपारीच्या अर्कापासून बनवलेलं प्लॅनेरियाचं औषध बाजारात आहे, त्यामुळे घरी सुपारी उकळून टाकावी असं काहींना वाटतं. घरच्या काढ्यात अर्क किती उतरला हे मोजता येत नाही, त्यामुळे मात्राच ठरत नाही. आणि खर्रा घोटलेले हात साबणाने धुवून, साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळून मगच टाकीत घाला, निकोटिन मासे आणि झिंगे दोघांनाही विष आहे.

काढलेलं कुठे टाकायचं

टाकीतलं काहीही तलावात, बोडीत, नाल्यात परत टाकायचं नाही. टाकीत दुकानातले मासे असतात, त्यांचे परजीवी आणि अंडी पाण्यात असतात. गप्पी आणि काच चाटणारे सकरमाउथ तलावात सुटले तर देशी माशांच्या अन्नावर आणि जागेवर हात मारतात, आणि त्याचं नुकसान त्या तलावावर पोट असलेल्यांना सोसावं लागतं. काढलेल्या गोगलगायी आणि जळवा उकळत्या पाण्यात टाकून मग उकिरड्यात पुरा. छाटलेली वनस्पती कडक उन्हात पूर्ण वाळली की खातखड्ड्यात चालते. टाकीचं बदललेलं पाणी औषध घातलेलं नसेल तर परसातल्या झाडांना उत्तम, औषध घातलेलं असेल तर विहिरीपासून आणि गोठ्यापासून लांब कोरड्या मातीत जिरवा.

अपवाद एकच. पहिल्या दोन-तीन दिवसांत टबात बेडकाची पिल्लं किंवा तलावातला देशी मासा दिसला, आणि त्या टबाला दुकानातल्या माशांचं पाणी, जाळी, हात काहीही लागलेलं नसेल, तर तो जीव ज्या तलावातून आला त्याच तलावात नेऊन सोडा. दुसऱ्या जवळच्या बोडीत नाही.